आकडीतला कोयता

खंडेनवमीला आमच्या करंजाडेच्या घरात पाटावर ज्या वस्तू मांडल्या जातात त्यांत एक कोयता असतो. त्याच्या शेजारी माझा जुना व्हर्निअर, मुलीचा लॅपटॉप, घरातली विळी आणि स्कूटरची किल्ली. हळदकुंकू आणि झेंडूचे फूल सगळ्यांना सारखेच. कोयता आजोबांचा. भाताची शेती आणि चार गुंठ्यांचा वरकस असलेल्या माणसाचा. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी तो पाजवून आणावा म्हणून मी निघालो, तर सोसायटीच्या फाटकावरच्या रखवालदाराने हळूच अडवले. ‘‘काका, असा उघडा नेऊ नका. पिशवीत घाला. दिवस बरे नाहीत.’’ तो मराठवाड्यातला, त्याचे आईवडील ऊसतोडीला जाणारे. त्याने कोयता ओळखला होता, म्हणूनच मला सावध केले होते.

पिशवी आणायला मी परत वर आलो आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जाईना. जे पाते माझे आजोबा दिवसभर कमरेला उघडे लावून गावभर हिंडत, ते नातवाला लपवून न्यावे लागते. पात्यात काही बदल झालेला नाही. मग बदलले काय?

मी तळोज्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये बावीस वर्षे काढली. लोखंडाशी माझा संबंध पोटापाण्याचा, इतिहासाशी हौसेचा. त्यामुळे हा शोध मी पात्यापासून सुरू केला. एकाच पात्याने अनेक कामे करावीत ही कल्पना कुठून आली आणि ती कितपत खरी ठरली, हा माझा पहिला प्रश्न होता.

*

या कल्पनेवरचा पहिला आक्षेप जवळजवळ तेवीसशे वर्षांचा आहे. अॅरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात अगदी सुरुवातीलाच डेल्फीच्या सुरीचा उल्लेख येतो. कारागीर कंजूषपणाने अशी एकच सुरी अनेक कामांसाठी घडवतात, निसर्ग मात्र तसे करत नाही, कारण ज्या साधनाला एकच काम असते तेच साधन उत्तम होते, असे त्याचे म्हणणे. (याच परिच्छेदात तो स्त्री आणि गुलाम यांची कामे वेगळी असल्याचेही सांगतो. सुरीच्या उदाहरणाचा त्याने केलेला उपयोग आपल्याला पटण्यासारखा नाही.) पण सुरीपुरते पाहिले तर टूलरूममधला कोणताही माणूस त्याच्याशी सहमत होईल. सगळ्या कामांना चालणारे हत्यार कोणत्याच कामाला नीट चालत नाही, हे आम्हाला उमेदवारीच्या पहिल्या महिन्यात शिकवले जाते.

तरीही माणसाने हा नाद सोडला नाही. १८९१ साली स्विस सैनिकांना जो खिशातला चाकू मिळाला त्यात एक पाते, एक अरी, डबा उघडण्याचे साधन आणि एक पेचकस होता. डब्यातले अन्न आणि नव्या बंदुकीचे स्क्रू ही सैनिकाची दोन नवी कामे त्यामागे होती. त्याची पहिली खेप जर्मनीतल्या सोलिंगेनहून आली, कारण इतके चाकू एकदम बनवील असा कारखाना स्वित्झर्लंडमध्ये नव्हता. मग कार्ल एल्सेनर या स्विस कारागिराने ते काम आपल्या देशात आणले आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीचा हलका चाकू काढला. आज जगभर लाल मुठीचा जो चाकू ओळखला जातो त्याचा हा पूर्वज. पुढे टिम लेदरमन हा अमेरिकन तरुण १९७५ मध्ये एका जुन्या गाडीतून युरोपभर फिरला. गाडी सतत बिघडायची आणि खिशातल्या चाकूला पक्कड नाही ही उणीव त्याला जाणवायची. त्यातून पकडीभोवती घडी होणारे त्याचे हत्यार १९८३ मध्ये बाजारात आले.

या दोन्ही वस्तू प्रामाणिक आहेत. त्या एका पात्याला दहा कामे सांगत नाहीत. दहा लहान हत्यारे एका मुठीत बसवतात. अॅरिस्टॉटलचा आक्षेप त्यांनी एका अर्थी मान्यच केलेला आहे.

खरा घोळ झाला तो १९८२ नंतर. ‘फर्स्ट ब्लड’ हा सिनेमा आला आणि त्यातल्या रॅम्बोच्या हातातला सुरा जगभरच्या पोरांच्या मनात बसला. तो आर्कान्सामधल्या जिमी लाइल या कारागिराने घडवला होता. लांब पाते, पाठीवर करवतीचे दाते, पोकळ मूठ, मुठीत काड्या, सुई-दोरा, गळ आणि टोपणात होकायंत्र. जंगलात एकटा सापडलेला माणूस एवढ्यावर जगू शकतो, असे त्या सुऱ्याचे आश्वासन. त्याच्या स्वस्त नकला काही वर्षांतच मुंबईच्या फुटपाथवर आल्या.

त्यातली एक मी घेतली होती. १९८८ चा पावसाळा. आम्ही कॉलेजातली पाच मुले प्रबळगडावर निघालो होतो. वरच्या वाटेत करवंदीची जाळी आडवी पडलेली. मी ऐटीत सुरा काढला आणि मनगटाएवढ्या फांदीवर चौथा की पाचवा घाव घातला, तेव्हा मूठ हातात राहिली आणि पाते खाली निवडुंगात गेले. होकायंत्राची सुई त्या आधीच अडकली होती. काड्या भिजल्या होत्या. मागून माचीवरचे एक ठाकर बाबा येत होते. त्यांनी काही न बोलता कमरेमागून कोयता काढला, दोन हात चालवले, वाट मोकळी केली आणि पुढे निघून गेले. दुपारी त्यांच्याच ओट्यावर आम्ही बसलो, तेव्हा त्याच कोयत्याने त्यांनी आमच्यासाठी लाकडे फोडली, पाठीने ठोकून ढिली खुंटी बसवली आणि मग पात्यावर अंगठा फिरवून तो परत कमरेला लावला. ‘‘तुझा सुरा छान होता,’’ ते म्हणाले, ‘‘पन त्याला धरायला जागा नव्हती.’’

ते काय म्हणाले हे मला टूलरूममध्ये गेल्यावर कळले. कोणत्याही सुऱ्याचे पाते मुठीच्या आत शेपटीसारखे जाते. घाव बसला की सगळा ताण पाते आणि मूठ यांच्या सांध्यावर येतो. ती शेपटी लांब आणि रुंद असेल तर ताण वाटला जातो. मूठ पोकळ ठेवायची म्हटली की शेपटी तोकडी करावी लागते. म्हणजे सुई-दोऱ्यासाठी जागा केली आणि नेमक्या जोखमीच्या ठिकाणी हत्यार दुबळे केले. पाठीवरच्या दात्यांचेही तसेच. अमेरिकन वैमानिकांच्या सुऱ्यावर असे दाते होते, ते पडलेल्या विमानाचा पत्रा कापून बाहेर पडता यावे म्हणून. ओल्या लाकडात ते अडकतात. लाइलसारखा निष्णात कारागीर हे सांभाळून घेऊ शकतो, फुटपाथवरचा माल नाही.

*

आता कोयता पाहू. आजोबांचा कोयता माझ्यासमोर आहे. मूठ सोडून पाते साधारण हातभर, पुढे जाताना रुंद होणारे आणि शेवटी आत वळलेले. धार आतल्या बाजूला. पाठ जाड. टोक भोसकण्याजोगे नाही. शेपटी मुठीच्या पार आरपार जाऊन मागे ठोकून बसवलेली, पुढे लोखंडी कडी.

यातली प्रत्येक गोष्ट कामातून आलेली आहे. वजन पुढे असल्यामुळे घावाला जोर हाताचा कमी आणि पात्याचा जास्त लागतो. दिवसभर तोडणाऱ्याला हा फरक संध्याकाळी खांद्यात कळतो. आत वळलेल्या पात्यात फांदी धरली जाते, निसटत नाही. हात पोचत नाही ती डहाळी टोकाच्या आकड्याने ओढून घेता येते. जाड पाठ हातोडीचे काम करते. अणकुचीदार टोक नसल्याने झाडावर चढताना-उतरताना तो अंगात घुसण्याची भीती कमी. आणि मूठ लाकडाची, म्हणजे मोडली तर घरी बसवता येणारी.

याच्या जोडीला आकडी. कमरेला दोरीने बांधलेली, खाच असलेली लाकडी पट्टी, पाठीमागे. कोयता तिच्यात अडकवला की दोन्ही हात मोकळे. महागड्या सुऱ्यांबरोबर जे म्यान येते ते पात्याचे रक्षण करते. आकडी माणसाच्या हातांची सोय पाहते. माडावर चढणारा असो, की डोक्यावर मोळी घेतलेली बाई, त्यांना हत्यार झटक्यात काढता आणि झटक्यात ठेवता आले पाहिजे.

कोयत्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मासळी साफ करायला तो उपयोगाचा नाही, भाजी चिरायला नाही, भात कापायला तर नाहीच. भाताला दातेरी विळा हवा आणि मासळीला विळी. कोकणात खाली जिला आदोळी म्हणतात त्या विळीची गंमत अशी की तिचे पाते जागचे हलत नाही आणि दोन्ही हात कापायच्या वस्तूला मिळतात. तिच्या टोकाला खोबरे खवण्याची चकती बसवली की तीही बहुपयोगी. म्हणजे आपल्याकडे एका घरात तीन पाती होती. रानाचे, शेताचे आणि चुलीजवळचे. एकाच पात्याने सगळे करावे असा हट्ट कुणी धरला नव्हता, कारण घरात कुणी एकटे नव्हते.

जीव वाचवण्याचा सुरा गृहीत धरतो की त्याचा मालक एकटा आहे आणि दोन-चार दिवसांत कुणीतरी त्याला शोधायला येईल. कोयता गृहीत धरतो की माणूस इथेच राहणार आहे, उद्याही आणि त्याच्या नातवापर्यंत. म्हणून त्याच्या मुठीत काही लपवलेले नसते. त्याची सुई घरात, त्याचा विस्तव चुलीत आणि त्याची दुरुस्ती गावच्या लोहाराकडे. ट्रकच्या जुन्या पाट्याचा तुकडा भट्टीत लाल करून ऐरणीवर ओढायचा, धारेला पाणी द्यायचे. धारेत कडकपणा आणि पाठीत चिवटपणा एकाच तुकड्यात आणणारी ही विद्या आमच्या कारखान्यात तापमानाचे आकडे पाहून होत असे. लोहार ती रंगावरून करतो.

*

कोयत्याचे मुख्य काम मात्र तोडण्याचे, आणि तोडायचे काय, कुठे, कुणाच्या परवानगीने, हा प्रश्न आला की आपण पात्यावरून इतिहासात येतो.

ठाणे-कुलाब्यातली भातशेती राबावर चालायची. पावसाआधी रोपाच्या जागेवर शेण, झाडांच्या डहाळ्या, पाला, गवत आणि वर मातीचा थर पसरून तो पेटवायचा. तणाचे बी जळते, राख खत होते, भाताचे रोप जोमाने येते. त्यासाठी उन्हाळ्याआधी रानात जाऊन ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटायच्या. झाड तोडायचे नाही, छाटायचे. पुढच्या वर्षी तेच झाड पुन्हा लागणार असते. हे काम कोयत्याचे. कुऱ्हाड त्यासाठी जड आणि सुरा हलका.

१८७८ च्या जंगल कायद्यानंतर सरकारी राखीव रानात ही छाटणी गुन्हा होऊ लागली. ठाणे-कुलाब्यातून इतकी ओरड झाली की मुंबई सरकारला १८८५ मध्ये जंगल कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. सवलती मिळाल्या, काढल्या गेल्या, पुन्हा मिळाल्या. पण एक गोष्ट कायमची बदलली. आतापर्यंत आकडीला कोयता लावून रानात जाणारा माणूस कामाला चाललेला असे. आता तो संशयित झाला. ज्यांचे नावच काथ करण्यावरून पडले असे मानतात त्या कातकऱ्यांना याची झळ सर्वांत जास्त बसली. काथ खैराच्या लाकडातून निघतो आणि खैर आता सरकारचा होता.

१९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाबरोबर महाराष्ट्रात जंगल सत्याग्रह उभे राहिले. समुद्र जवळ नसलेल्या भागांत मीठ कुठून उचलणार? तिथे कायदा मोडण्याची वस्तू गवत आणि लाकूड ठरली. लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ राखीव रानातले गवत कापून कायदेभंग केला. आमच्या भागात समुद्र होता, मिठागरेही होती, तरीही रानाचे दुखणे जुने होते. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगराकडे आसपासच्या गावांतले आगरी, कातकरी, कोळी असे सगळे शेतकरी कोयते-कुऱ्हाडी घेऊन निघाले. तेव्हा पनवेल तालुका कुलाबा जिल्ह्यात होता. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मा झाले, त्यांत नाग्या महादू कातकरी हा तरुण होता. पनवेलचे मामलेदार जोशी हेही त्या दिवशी मृत्युमुखी पडले. चिरनेरला हुतात्म्यांचे स्मारक आहे आणि दर वर्षी २५ सप्टेंबरला तिथे मानवंदना होते.

मी तिथे अनेकदा गेलो आहे. प्रत्येक वेळी मला एकच गोष्ट खटकते. मिठाच्या सत्याग्रहात हाती चिमूटभर मीठ असते, त्याचे कुणाला भय वाटत नाही. जंगल सत्याग्रहात कायदा मोडायचा तर हातात पातेच लागते. सत्याग्रहीच्या लेखी ते अवजार, समोर बंदूक घेऊन उभ्या असलेल्या शिपायाच्या लेखी ते शस्त्र. वस्तू एकच, आणि ती काय आहे हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती बंदूक त्याच्याकडे. आपल्या भाषेने हा पेच फार पूर्वीच ओळखला आहे. सुतार आपल्या पटाशीला आणि रंध्याला ‘हत्यार’च म्हणतो, आणि पोलीस पंचनाम्यातही ‘हत्यार’च लिहिले जाते.

*

स्वतंत्र भारताच्या कायद्याने हा पेच शब्दांत सोडवायचा प्रयत्न केला. शस्त्रविषयक नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्रांत मोडतात, मात्र घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. म्हणजे माप पात्याचे आहे आणि सूट हेतूची. कोयता मापाने सापडतो आणि हेतूने सुटतो. शेतात उभ्या असलेल्या माणसाचा हेतू दिसतो. तोच माणूस डांबरी रस्त्यावर आला की तो सांगावा लागतो.

गेल्या काही वर्षांत पुण्यात कोयते नाचवून दहशत माजवणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या आहेत. २०२३ च्या सुरुवातीला तिथल्या पोलिसांनी कोयते विकणाऱ्यांना ग्राहकाचे ओळखपत्र पाहून नोंद ठेवायला सांगितले. ज्यांच्या दुकानांवर, घरांवर हल्ले झाले त्यांची भीती खरी आहे. त्यांना कोयत्याचा इतिहास सांगून उपयोग नाही. पण त्या नोंदवहीचा भार कुणावर पडतो तेही पाहावे. ज्याला गुन्हा करायचा आहे तो वहीत नाव घालणार नाही. घालणार तो नारळ काढणारा, माळी आणि ऊसतोडीला निघालेला.

ऊसतोडीत तर माणसालाच कोयता म्हणतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’, एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. त्या हलक्या, रुंद पात्याने बुडख्याशी ऊस तोडायचा, पाचट काढायचे, वाढे छाटायचे. तीन कामे, एक पाते, दोन माणसे आणि हिशेबात नाव मात्र पात्याचे. आमच्या रखवालदाराला मी हे विचारले तेव्हा तो हसला. ‘‘काका, माझे आईबाप एक कोयता होते. मी पळून आलो म्हणून अर्धा व्हायचा वाचलो.’’

दैनिकात कोयता येतो तो असा दोनच ठिकाणी, गुन्ह्याच्या पानावर आणि ऊसतोडीच्या वार्तापत्रात. संग्रहालयांत तो येत नाही. २०२४ च्या जुलैत लंडनहून वाघनखे साताऱ्याला आली तेव्हा त्यांच्यासाठी रांगा लागल्या आणि ते योग्यच होते. पण रोज दहा कामे करणाऱ्या पात्याला काचेमागे जागा मिळत नाही. त्याचे वर्षच कुणी लिहून ठेवलेले नसते.

*

पहिल्या प्रश्नाकडे परत येतो. माझ्या कोयत्याच्या पात्यात काही बदल झालेला नाही, मग बदलले काय? करंजाडे हे नावच करंजाची आठवण देते. गाढी नदीच्या काठची ही शेते होती. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि टप्प्याटप्प्याने जमिनी गेल्या. जवळच विमानतळासाठी उलवे टेकडी सपाट झाली आणि उठलेल्या गावांतली काही कुटुंबे आमच्या आसपासच्या भूखंडांवर आली. मीही फ्लॅटमध्ये राहतो. पाणी, दिवाबत्ती, दवाखाना, मुलीचे कॉलेज हे सगळे मला हवेच होते, त्याबद्दल तक्रार करण्याचा मला अधिकार नाही. पण राब नाही, म्हणून छाटणी नाही. कुंपण नाही, म्हणून खुंटी नाही. चूल नाही, म्हणून लाकूड नाही. एकेक काम गळत गेले आणि कोयत्याकडे शेवटी एकच काम उरले, घाबरवण्याचे. बहुपयोगीपणा पात्यात नव्हताच. तो रान, शेत, लोहार, आणि कोयता चालवायला शिकवणारा आजोबा यांच्यात वाटलेला होता. ते गेले की उत्तम घडणीचे हत्यारही एककामी होते, आणि ते काम वाईट असते.

बाजारात आज जे सुरे ‘जीव वाचवणारे’ म्हणून विकले जातात त्यांचे पोलाद माझ्या कोयत्याहून सरस आहे, हे मी धंद्याने सांगू शकतो. ते घेणाऱ्या तरुणांना मी हसत नाही, मीही घेतला होता. एवढेच सांगतो की पाते मुठीत किती खोल गेले आहे ते आधी पाहा, आणि मग तुमच्या आयुष्यात त्याला रोजचे काम काय आहे ते पाहा. रोज न वापरलेले हत्यार अडचणीच्या दिवशी हाताला परके वाटते.

त्या दिवशी मी कोयता पिशवीत घालून पनवेलला नेला. लोहाराने तो हातात घेऊन तोलला, पाठीवर बोटाने टिचकी मारली, आवाज ऐकला. ‘‘जुना आहे. चांगला आहे. कशाला वापरता?’’ मी म्हणालो, ‘‘पूजेला.’’ त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि धार लावायला सुरुवात केली. येताना मी सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून ठेवले, मागच्या बाजूच्या करंजाच्या फांद्या तारांना लागतात, त्या यंदा मी छाटल्या तर चालेल का? ते म्हणाले, अर्ज द्या. अर्ज दिला आहे.